रिकाम्या मशीनची परीक्षा

कुलूपकाकूंचं खरं नाव ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, पण घेत कोणी नव्हतं. काम संपवून निघताना काकू कपाटं, खण, खिडक्या सगळं बंद करायच्या, मग प्रत्येक कुलूप एकेकदा ओढून बघायच्या, आणि जिन्याच्या वळणावरून परत फिरून दाराचं कुलूप पुन्हा ओढून बघायच्या. एकदा तर त्यांनी संस्थेच्या प्रमुख वकीलबाईंनाच आतल्या खोलीत कोंडलं. बाई आतून दार बडवतायत आणि ह्या बाहेरून कुलूप ओढतायत, नीट लागलंय ना ते बघायला. तेव्हा जे नाव पडलं ते पडलंच. काकूंना त्याचा राग नव्हता. मनातून थोडा अभिमानच होता म्हणा ना.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. खाली चष्म्याचं दुकान, वर पाटी मुद्दाम लावलेली नाही. घरात मार खाणाऱ्या, धमक्या सोसणाऱ्या बायकांनी फोन करायचा तो इथे. फोनवर बोलायला माणसं होती, आणि ज्या बाईला त्या घरातून निघायचंच असेल तिला राहायला जागाही होत्या, शहरात इथे तिथे, साध्यासुध्या घरांमध्ये. त्या घरांचे पत्ते ऑफिसातल्याही मोजक्याच जणांना ठाऊक. हे पत्ते आणि येणारे सगळे फोन, दोन्हीचा भार एकाच सर्व्हरवर होता, आणि त्या सर्व्हरचा भार काकूंवर.

आता ही बाई तिथवर पोचली कशी ते सांगायला हवं. काकू मूळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमावाल्या. तरुणपणी टीव्हीच्या कारखान्यात तपासणी विभागात होत्या. तिथला शिरस्ता असा, की तयार सेट खोक्यात भरायच्या आधी आवाज, उजेड, सगळं पूर्ण वाढवून बंद खोलीत तापत ठेवायचा. जे फुटायचं ते आपल्या डोळ्यांदेखत फुटू दे, गिऱ्हाइकाच्या घरी नको. "मी पास केलेला सेट कधी परत आला नाही," असं काकू अजूनही मान ताठ करून सांगतात, आणि मास्तर, म्हणजे त्यांचे शिवणकाम करणारे यजमान, "एक आला होता" असं हळूच म्हणून दरवेळी त्यांची खोडी काढतात. पुढे कारखाना बंद पडला आणि काकू ह्या संस्थेत फोनवर बोलायला बसल्या. वर्षानुवर्षं बसल्या. सर्व्हर सांभाळणारा गृहस्थ एक दिवस दुसरी नोकरी धरून चालता झाला, तो मशीनवर पासवर्डची चिठ्ठी चिकटवून. ती चिठ्ठी बघून काकूंचं टाळकंच सरकलं. त्यांनी चिठ्ठी फाडली, पासवर्ड बदलला आणि आतल्या खोलीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. मग रीतसर क्लास लावला, परीक्षा दिल्या, आणि डिप्लोमाच्या वेळी जे शिकल्या होत्या त्यावरची धूळ झटकली. वकीलबाईंनी त्यांना फोनवरून उठवून पूर्ण वेळ त्या खोलीत बसवलं.

आणि मग जुना सर्व्हर म्हातारा झाला. दिवसातून एकदा तरी कण्हायचा. नवा घ्यायचा ठरलं, देणगीदारांकडून पैसेही आले, पण ते एकाच मशीनचे. मशीन बांधून देणाऱ्या दुकानदाराला सगळे गॅरंटी म्हणायचे, कारण त्याचं कुठलंही वाक्य त्या शब्दाशिवाय संपायचं नाही. माणूस कामाचा पक्का होता, फक्त तोंडाने जरा जास्तच सैल. तो दोन प्रोसेसर, म्हणजे मशीनचे मेंदू, घेऊन आला. दोन्ही टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "काकू, हा जुन्या पिढीतला. दगड आहे, दगड. वर्षभर बंद पडणार नाही, गॅरंटी. आणि हा नवा. वेगाला तोड नाही."

"आणि दोघांची खोट काय ते सांग," काकू म्हणाल्या.

गॅरंटीने मान खाजवली. खोट दोघांतही होती. जुना कधी बंद पडत नव्हता, पण त्याला गळती होती. नव्याची गळती कारखान्यातच बुजवलेली होती, पण तो मधूनच गोठतो, म्हणजे चालू असूनही ढिम्म होतो, अशी कुजबुज होती. सगळ्यांकडे नाही, काहींकडे. का, ते कोणी छातीठोक सांगत नव्हतं.

त्या संध्याकाळी काकूंनी हे सगळं मास्तरांपुढे मांडलं. मास्तर शर्टाला काजं करत बसले होते. काकूंना उत्तर नको असायचं, फक्त ऐकणारं कोणीतरी हवं असायचं, आणि मास्तर ऐकण्यात पटाईत.

"गळती म्हणजे नेमकं काय गं?" त्यांनी विचारलं.

"अहो, एकाच प्रोसेसरवर दहा कामं चालतात. आपली वेबसाइट त्याच्यावर, तिथे कोणीही परका येऊन काहीही लिहून जातो. पत्तेही त्याच्यावर. एका कामाचे कण मागे राहतात, आणि शेजारचं काम ते हुंगू शकतं."

"म्हणजे माझ्या टेबलावरच्या चिंध्या बघून पुढच्या गिऱ्हाइकाला कळावं, की आधीच्याने काय शिवून घेतलं."

"अगदी तसंच."

"मग टेबल झाडत जा की दर वेळी."

"झाडायची सोय आहे. पण दर टाक्याला झाडू मारत बसलात तर शर्ट कधी होणार? मी आपल्या आत्ताच्या सर्व्हरवर लावून बघितली ती सोय. फोनवरचा आवाज तुटायला लागला."

मास्तरांनी दोरा दाताने तोडला आणि दोन मशीन घ्यायचा सल्ला दिला. काकूंनी त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली, की ते मुकाट्याने पुढच्या काजाकडे वळले.

काकूंचा कल नव्याकडे होता, आणि तो त्यांनी दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना सांगूनही टाकला. "बाई, फोन तुटला तर माणूस पुन्हा लावतो. पत्ता फुटला तर तो पुन्हा लपवता येत नाही."

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एरवी त्या काकूंचं बोलणं तोडत नसत. "पुन्हा लावतो? काकू, तुम्ही स्वतः फोनवर बसलायत. त्या बाईच्या हाताला फोन दुसऱ्यांदा लागेलच कशावरून?"

काकूंना तोंडात मारल्यासारखं झालं. बोलणं खरं होतं, आणि ते आपल्याला ऐकून घ्यावं लागलं ह्याची चीड त्याहून खरी. त्या नुसत्या "बघते" म्हणाल्या आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या. पत्ता फुटलेला चालणार नव्हता. फोन तुटलेला चालणार नव्हता. दोन्हीतलं एक सोडून द्या असं जग सांगत होतं, आणि काकूंच्या स्वभावात सोडून देणं नव्हतंच. म्हणजे उरलं एकच: नव्या मशीनला गोठवून दाखवायचं. एकदा गोठलं की का गोठतं ते कळेल, आणि कळलं की उपाय. गोठलंच नाही, तर कुजबुज खोटी.

गॅरंटीने मशीन चाचणीसाठी ठेवून घ्यायला दिलं. हे मात्र त्याचं मोठेपण, दुसऱ्याने दिलं नसतं. काकूंनी कारखान्यातला शिरस्ता काढला. खोलीतला पंखा बंद, खिडकी बंद, आणि मशीनवर खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त खोट्या फोनचा आणि अवघड गणितांचा मारा. मशीन तापलं, पंखे विमानासारखे घोंघावले, गणितं दिवसचे दिवस चालली, आणि एक उत्तर चुकलं नाही. काकू रोज सकाळी येऊन आकडे बघायच्या आणि चहाचा कप घेऊन खुशीत बसायच्या. त्यांनी जंग जंग पछाडलं, पण मशीन काही हाललं नाही. शेवटी त्या वकीलबाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "हो. नवाच घ्या."

बाईंनी लगेच देणगीदारांना कळवलं. मशीन सुरू करायचा दिवस ठरला. गॅरंटीने तर दुकानात चार जणांना सांगून भावही खाऊन घेतला.

मधे एक सुट्टी आली. नर्सबाईंना कंटाळा येऊ नये म्हणून काकू ऑफिसात डोकावल्या. नर्सबाई म्हणजे दवाखान्यातून निवृत्त होऊन इथे फोनवर बसणाऱ्या, काकूंच्या जुन्या जोडीदार. त्या शब्दकोडं सोडवत होत्या आणि फोन गप्प होता.

"आज काहीच नाही?" काकूंनी विचारलं.

"सुट्टी ना. आज घरात सगळे असतात. कोण फोन करणार," नर्सबाई कोड्यातून मान वर न काढता म्हणाल्या. "आणि केलाच कोणी, तर ती शेवटची पायरी असते. तुला काय सांगायचं."

काकूंना खरंच सांगायची गरज नव्हती. सुट्टीच्या दिवशीचे ते एकटेदुकटे फोन त्यांनी स्वतः घेतले होते. कुजबुजत आलेले, मधेच श्वास धरून थांबणारे. तासन् तास शांतता आणि मग तो एक फोन. काकू शब्दकोड्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. आपण मशीनला राबवून राबवून बघितलं. नुसतं बसवून बघितलंच नाही. टीव्ही कारखान्यात ते ठीक होतं, टीव्ही काय, लावला की काम, बंद केला की संपलं. पण हे मशीन जन्मभर जास्त करून रिकामंच बसणार होतं, आणि रिकामं बसलेलं असतानाच त्याच्यावर जोखमीची वेळ येणार होती. ज्या खुर्चीत बसून त्यांनी उमर काढली, तिथली रीतच त्या परीक्षेत घालायला विसरल्या होत्या. स्वतःचा इतका राग काकूंना क्वचितच आला असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिलेला होकार परत घेतला. बोललेलं मागे घेणं म्हणजे काकूंच्या जिवावर येणारी गोष्ट, पण घेतला. वकीलबाई चिडल्या. "काकू, लोकांना दिवस कळवलाय. मशीन पास झालं असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले. अर्धीच परीक्षा घेऊन म्हणाले. दिवस पुढे ढकला. उरलेली अर्धी घेतल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, आणि माझ्याशिवाय लावायचं असेल तर ही किल्ली."

किल्ली टेबलावर ठेवली खरी, पण हात तिच्यावरून उचलला नाही. वकीलबाईंनी त्या हाताकडे बघितलं आणि देणगीदारांना पुन्हा फोन लावला. आवाज मात्र चांगलाच करडा होता.

मग सुरू झाली ती परीक्षा ऑफिसातल्या कोणी जन्मात बघितली नव्हती. काकूंनी मशीनवरचं सगळं काम काढून घेतलं. मशीन चालू, पण काम शून्य. आणि काकू समोर खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसलेल्या. मधूनच, मनाला येईल तेव्हा, मोबाइलवरून एक फोन लावायच्या. लागला की ठेवायच्या, आणि पुन्हा शांत. येणारा जाणारा दारातून डोकावून जायचा. "काय करतंय मशीन?" "काही नाही." "आणि तुम्ही?" "तेच बघतेय." नर्सबाई म्हणाल्या, असं काम मिळत असेल तर मीही डिप्लोमा करते. घरी मास्तरांनी विचारलं, आज मशीनने काय काय केलं नाही ते सविस्तर सांग. काकू सगळ्यांचं हसून ऐकून घेत होत्या, पण आतून जीव टांगणीला लागलेला. काहीच झालं नाही तर? लोकांचा वेळ गेला, बाईंचा शब्द गेला, आणि आपलं हसं झालं ते वेगळंच.

आणि एका दुपारी त्यांनी फोन लावला तो लागला नाही.

मशीनवरचा दिवा लागलेला. पंखा फिरतोय. पडद्यावरचं घड्याळ थांबलेलं. कळफलकावर काहीही दाबा, ढिम्म. काकू उठून उभ्या राहिल्या. नर्सबाईंनी नंतर सगळ्यांना सांगितलं, की मशीन मेलं म्हणून एवढी खूश झालेली बाई मी आयुष्यात बघितली नाही.

गॅरंटी धावत आला. आधी म्हणाला वीज गेली असेल. वीज गेली नव्हती. मग म्हणाला एखाद्या वेळी होतं. काकूंनी मशीन पुन्हा चालू केलं, रिकामं सोडलं, आणि त्यालाच समोर बसवलं. तोही हट्टी, दुकान कोणावर तरी सोपवून रोज येऊन बसला. पुन्हा गोठलं, आणि ह्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर. मग तो जे बोलला, त्या वाक्यात पहिल्यांदाच गॅरंटी नव्हती.

मग दोघांनी मिळून शोधलं. गॅरंटीने जिथून माल यायचा तिथल्या ओळखी पणाला लावल्या, आणि उलगडा झाला. हा प्रोसेसर कामाला वाघ होता, पण काम नसलं की वीज वाचवायला इतका खोल झोपायचा, की कधीकधी त्याला पुरती जागच यायची नाही. राबवलं तर झोपायला वेळच नाही, म्हणून तापवणाऱ्या परीक्षेत तो कायम पहिला. लोक परीक्षा घेत होते ती त्याला येत असलेल्याच विषयाची.

"सोपं आहे," गॅरंटी म्हणाला. "मशीनच्या मुळाशी जे सॉफ्टवेअर असतं, त्याचं आधीचं रूप टाकू. त्यात हा इतका झोपत नाही."

"आणि चिंध्या?"

मास्तरांच्या त्या चिंध्या एव्हाना गॅरंटीलाही पाठ झाल्या होत्या. तो खाली बघत म्हणाला, "त्या... थोड्या राहतील. बुजवलेली गळती त्या रूपात उघडीच आहे."

"मग नाही."

"काकू, कुठेतरी तडजोड करावी लागते."

"करते ना. विजेत कर, पंख्याच्या आवाजात कर, उकाड्यात कर. ह्या दोन गोष्टींना हात लावायचा नाही."

तेव्हा गॅरंटीने खरं डोकं लावलं. नवं रूप तसंच ठेवलं आणि फक्त खोल झोपेची सोय तेवढी बंद केली. आता प्रोसेसर रिकामा असला तरी एक डोळा उघडा ठेवून बसणार होता. वीज थोडी जास्त जाणार, खोली जरा गरम राहणार, पंखा कायम गुणगुणणार. काकूंनी गळती तपासायची सगळी साधनं चालवून खात्री केली. बुजवलेलं बुजलेलंच होतं. मग खोलीत हवा खेचणारा पंखा बसवून घेतला, आणि दोन्ही परीक्षा पहिल्यापासून घेतल्या, राबवायचीही आणि बसवायचीही. बसवायची तर इतकी लांबवली, की शेवटी वकीलबाईच येऊन म्हणाल्या, "काकू, आता पुरे. आता तुम्हीच गोठाल."

मशीन एकदाही गोठलं नाही. काकूंनी दुसऱ्यांदा हो म्हटलं, आणि ह्या होकाराला त्यांच्या आवाजात जी धार होती ती कारखान्यातल्या दिवसांनंतर मास्तरांनी पहिल्यांदाच ऐकली. ते दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगत सुटले. काय केलं ते त्यांना धड सांगता यायचं नाही, पण आमच्या हिने केलं, एवढं मात्र सगळ्यांना कळायचं.

मशीन लागलं. आठवडा कामाचा होता, फोन धडाधड येत होते, त्याची काकूंना फिकीरच नव्हती. त्यांचं लक्ष सुट्टीकडे. सुट्टीच्या दिवशी त्यांना यायची काही गरज नव्हती, पण त्या आल्या. कागद राहिलेत असं काहीतरी पुटपुटत वकीलबाईही आल्या. त्यांनी कुठलाच कागद काढला नाही. नर्सबाई फोनवर होत्या. सकाळ सरली, दुपार कलली, कोणाचा फोन नाही. आत पंखा गुणगुणत होता. तिघीही एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या.

फोन वाजला.

नर्सबाईंनी दुसऱ्या घंटेच्या आत उचलला. "बोला," असं म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "ऐकू येतंय मला. नळ तसाच चालू राहू दे, बोलणं बाहेर जाणार नाही. घाई नाही, मी आहे."

काकू पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर एक हिरवी ओळ सरकत होती. वकीलबाई त्यांच्या मागे आल्या आणि कुजबुजल्या, "कोण आहे? कुठून बोलतेय?"

"फोन चालू आहे एवढंच दिसतंय बाई. कोण, कुठली, ते मला दिसत नाही," काकू म्हणाल्या. "मलासुद्धा दिसू नये, असंच बांधलंय मी ते."

वकीलबाईंनी खुर्ची ओढली आणि काकूंना हाताला धरून तिच्यात बसवलं. स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. बाहेर नर्सबाई थोडं बोलत होत्या आणि पुष्कळ ऐकत होत्या. हिरवी ओळ सरकत राहिली. मधे एकदा पलीकडचं बोलणं थांबलं असावं, कारण नर्सबाई बराच वेळ नुसत्या "हं, आहे मी" एवढंच म्हणत होत्या, आणि त्या सगळ्या वेळात ओळ एकदाही थबकली नाही. मग बोलणं पुन्हा सुरू झालं, घराबाहेर कसं पडायचं, सोबत काय घ्यायचं, गाडी कुठल्या कोपऱ्यावर येईल, इथपर्यंत आलं.

पुष्कळ वेळाने ती हिरवी ओळ विझली. फोन त्या बाईनेच ठेवला होता, तिचं सगळं बोलून झाल्यावर.